आठ फुटांचं भांडवल

मामांनी घरामागच्या परसात रोलर कोस्टर बांधलाय, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "कशाला?" मामा या प्रश्नाच्या नादी लागत नाहीत. "या की बघायला," एवढंच म्हणतात. मला मात्र या 'कशाला'चं नीट उत्तर द्यावंसं वाटतं. ते बांधकाम मी जवळून पाहिलंय, मोजपट्टीचं दुसरं टोक धरून उन्हात उभी राहिलेय, आणि शाळेत इतकी वर्षं फळ्यावर शिकवलेली स्थितिज ऊर्जा मला त्या परसात पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलीय.

मामांचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. पुढे राहतं घर आणि मागे मागांची शेड, ही तिकडची जुनी रचना. अशा घरातल्या माणसांना खडखडाटात झोप लागते आणि रात्री वीज गेली, माग थांबले, की जाग येते. मामा स्वतः जॉबर. म्हणजे बिघडलेला माग लावून देणारा माणूस. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन मधे फट पडते, तेवढ्या क्षणात आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला पोचला पाहिजे. हे मिनिटाला शंभरेक वेळा होतं. जरा वेळ चुकली तर धोटा ताण्यात अडकतो आणि शेकडो धागे एकदम तुटतात. ते पुन्हा एकेक करून जोडायला घरातल्या बायकांचा दिवस जातो. त्यामुळे चांगला जॉबर माग बंद पडायची वाट बघत नाही. शेजारून जाताना आवाज बदललेला ऐकू आला की तो पाना घेऊन वाकतो. मामांच्या वडिलांचं आयुष्य मिलमध्ये गेलं, मामांचं यंत्रमागावर. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, या नावांभोवती हे शहर वाढलं आणि मिल बंद पडल्यावर चादर-टॉवेलच्या यंत्रमागांवर ते जगलं. पुढे मामांची मुलं दुसऱ्या उद्योगात गेली. माग किलोच्या भावाने विकले गेले. पत्रे उतरवले, आणि मागे उरली एक लांबट रिकामी जागा. ऐंशी फूट लांब, जेमतेम पंधरा फूट रुंद.

त्या जागेत काय करायचं यावर घरात बऱ्याच सूचना आल्या. भाड्याच्या खोल्या, गाड्यांचं पार्किंग, पापडाचा कारखाना. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि नातवंडांना घेऊन गड्ड्याला गेले.

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तोच गड्डा, होम मैदानावर पाळणे लागतात, आणि सोलापूरचं पोर तिथे गेलं नाही असं होत नाही. मामाही दरवर्षी जातात, पण पाळण्यात बसत नाहीत. ते खाली उभे राहून सांधे बघतात. कुठल्या खिळेला कॉटर पिन आहे, कुठे नुसती तार गुंडाळलीय, पाया म्हणून लाकडाचे किती ठोकळे एकावर एक रचलेत. त्या वर्षी नातवंडांना छोट्या ड्रॅगनच्या गाडीत बसायचं होतं आणि मामांनी त्यांना बसू दिलं नाही. धाकटी रडत घरी आली. रात्री जेवताना मामा म्हणाले, "रडू नको की गं. आपण आपल्याला करू. मला जिथला नट माहितीय त्यात बस."

इथून ते सुरू झालं.

रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं, हे मुलांना सांगितलं की खरं वाटत नाही. गाडी एकदा वर नेऊन सोडली की पुढचं सगळं ती त्या उंचीवर चालवते. उंची हे तिचं भांडवल. पहिल्या उतारावर ते वेगात बदलतं, पुढच्या चढावर वेग पुन्हा उंचीत, आणि प्रत्येक अदलाबदलीत घर्षण आणि हवा आपापला हिस्सा कापून घेतात. म्हणून दुसरं टेकाड पहिल्याएवढं कधीच नसतं. मामांनी ठरवलेली उंची आठ फूट. त्याहून वर त्यांना कुणाचंही पोर न्यायचं नव्हतं. आठ फूट खाली आल्यावर गाडीचा वेग किती, हे मी वहीत काढून दिलं: घर्षण नाही असं धरलं तर ताशी 25 किलोमीटर. यात गाडीचं वजन कुठेच येत नाही, हे मामांना फार आवडलं. धाकटी बसली काय आणि मोठा बसला काय, कागदावर वेग तोच. प्रत्यक्षात मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजलं तेव्हा तळाशी 22 च्या आसपास भरला. तेवढं कुठे गेलं हे मामा चाकांपाशी बसून शोधत राहिले.

पण भीती किंवा गंमत वेगात नसते. सरळ रस्त्यावर ताशी 22 म्हणजे रमतगमत चाललेली स्कूटर. गंमत वळणात असते, वर-खाली होणाऱ्या वळणात. उताराच्या तळाशी रूळ पुन्हा वर वळतो तेव्हा माणूस सीटवर दाबला जातो. किती दाबला जाईल हे उंची आणि त्या वळणाची त्रिज्या या दोनच गोष्टी ठरवतात. आठ फुटांच्या उताराला सोळा फूट त्रिज्येचं वळण दिलं तर तळाशी अंगावर येणारं वजन बरोबर दुप्पट होतं. त्रिज्या आठ फूट केली तर तिप्पट. चार केली तर पाचपट, आणि पाचपट वजन लहान मुलाच्या मानेवर घालायचं नाही, हे सांगायला पुस्तक लागत नाही. टेकाडाच्या माथ्यावर याच्या उलट होतं. तिथे माणूस हलका होतो, पोटात गोळा येतो. आमचं दुसरं टेकाड तीन फुटांचं. त्याच्या माथ्याला दहा फूट त्रिज्या दिली असती तर हिशेबाने वजन शून्य झालं असतं, पोरं सीटवरून सुटली असती. आम्ही वीस फूट घेतली. म्हणजे फार तर निम्मं वजन हरवेल. तेवढा गोळा पुरे, असं मामींचं मत पडलं आणि ते कायम झालं.

या त्रिज्या मामांनी कागदावर काढल्या नाहीत. शेडमधली शहाबादी फरशी तशीच होती. तिच्यात एक खिळा ठोकला, त्याला सोळा फूट सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला खडू, आणि सुतळी ताणून ठेवत त्यांनी फरशीवर पूर्ण मापाचा कंस ओढला. एमआयडीसीतून रोलिंग मशीनवर वाकवून आणलेला दीड इंची पाइप त्या खडूच्या रेघेवर आडवा ठेवला. तो मधे रेघेवर होता आणि टोकाला बोटभर बाहेर. मामांनी गुडघे टेकून, एक डोळा मिटून, पाइपच्या लांबीवरून नजर टाकली. मग पाइप उचलून पुन्हा टेम्पोत घातला. टेम्पोवाला परत जायचं म्हटल्यावर कुरकुरला, "काका, पोरांच्या खेळण्याला एवढं कोण बघतंय?" मामा म्हणाले, "पोरांच्या खेळण्यालाच बघायचं असतं." चिडून नाही, समजावून.

दोन पाइपांमधलं अंतर सोळा इंच. ते सगळीकडे सोळाच राहिलं पाहिजे, आणि इथेच वेल्डिंग आडवं येतं. आडवी पट्टी दोन्ही पाइपांना जोडताना वितळलेलं लोखंड थंड होतं, आकसतं आणि रुळांना आत ओढतं. डोळ्यांना काही दिसत नाही. पण वाळूची पोती घालून गाडी सोडली तर ती दुसऱ्या टेकाडाच्या माथ्यापाशी रेंगाळली आणि मागे आली. मामांनी रुळाला कान लावला, मला गाडी हाताने ढकलायला सांगितली, आणि एका जागी बोट ठेवलं. गेज पट्टी लावली तर तिथे अंतर दोन मिलिमीटर कमी. बाजूची चाकं दोन्हीकडून घासत होती, भांडवल तिथे खर्ची पडत होतं. मग तो तुकडा कापून पुन्हा जोडला. आधी नुसते टाके मारायचे, एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला, मधे पक्क्या मापाचा लोखंडी ठोकळा अडकवून ठेवायचा, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय तो काढायचा नाही.

बाजूची चाकं म्हटलं, तर चाकांबद्दल सांगायला हवं, कारण सगळी सुरक्षितता तिथे आहे. आगगाडीचं चाक रुळावर नुसतं बसलेलं असतं. रोलर कोस्टरची गाडी रुळाला तीन बाजूंनी धरून असते: वर भार घेणारी चाकं, बाजूला दिशा धरणारी, आणि रुळाच्या खालून तिसरी, जी गाडीला उचलू देत नाहीत. ही खालची चाकं अमेरिकेतल्या जॉन मिलर या माणसाची देणगी, त्याचं पेटंट 1919 चं. त्याआधी गाडी वर उडण्याची भीती असल्यामुळे टेकाडं सपाटच ठेवावी लागत. आज कुठल्याही मोठ्या पार्कातल्या गाडीखाली वाकून पाहिलं तर मिलरचं चाक दिसतं. आमच्या गाडीलाही आहेत, नायलॉनची, आत 6203 बेअरिंग.

मामांना मी एका संध्याकाळी या खेळाचा इतिहास सांगितला. रशियात हिवाळ्यात लाकडी सांगाड्यावर बर्फ जमवून केलेल्या घसरगुंड्या, 1817 मध्ये पॅरिसला आलेल्या चाकांच्या गाड्या. त्यात ते विशेष रमले नाहीत. पण पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंकची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगायला लावली. तिथे 1827 मध्ये डोंगरावरच्या खाणीतला कोळसा खाली कालव्यापर्यंत आणायला उतारावरचा रेल्वेमार्ग टाकला होता. गाड्या आपोआप खाली येत, रिकाम्या गाड्या खेचरं वर ओढून नेत, आणि तीच खेचरं पुन्हा खाली येताना गाडीत बसून येत. पुढे कोळशासाठी दुसरा मार्ग झाला आणि लोक पैसे देऊन त्या उतारावरून नुसते खाली यायला लागले. कामाचा रूळ खेळाचा झाला. त्यानंतर 1884 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने पाच सेंट तिकीट लावून पहिला गाजलेला रोलर कोस्टर चालवला. वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर. हा थॉम्पसन त्याआधी काय करत होता? बिनशिवणीचे मोजे विणायचा कारखाना. मामा ताठ बसले. "म्हणजे आपल्यातलाच," म्हणाले. तेव्हापासून शेजारच्या अण्णांना, दूधवाल्याला, भाजीवालीला, सगळ्यांना हे कळलेलं आहे.

सोलापुरात असं काही बांधायचं तर दोन गोष्टींशी गाठ आहे, माती आणि ऊन. परसाच्या अर्ध्या भागात मागांचे जुने काँक्रीटचे ओटे होते. माग हादरतो म्हणून त्याचा पाया भक्कम घालतात, तिथे खांब रोवायची चिंता नव्हती. उरलेल्या भागात काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जावा. तिच्यावर खांब उभा केला तर तो पावसाळ्यात वर येणार आणि वैशाखात खाली जाणार, आणि प्रत्येक खांब आपापल्या मर्जीने. त्यामुळे प्रत्येक खड्डा मुरूम लागेपर्यंत खणला. कुठे तीन फुटांवर लागला, कुठे चारावर. खांबांची उंची पारदर्शक नळीत पाणी भरून मिळवली, जशी गवंडी मिळवतात.

उन्हाचं गणित मला सर्वात सुंदर वाटतं. इथे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, आणि उन्हातला लोखंडी पाइप त्याहून कितीतरी तापतो. पहाटे 26 अंशांवर असलेला पाइप दुपारी 60 वर गेला तर चोवीस मीटर लांबीत तो सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. त्याला दोन्ही टोकांना घट्ट धरलं तर तो कुठेतरी फुगवटा काढणारच. मामांनी एक सांधा मोकळा ठेवलाय. आत सरकणारी नळी, आणि रुळाला सरळ काप न देता तिरका दिला, म्हणजे फट उघडली तरी चाक तिच्यात आपटत नाही, एका कडेवरून दुसरीवर घसरत जातं. पहाटे त्या फटीत बोटाचं नख जातं, दुपारी कागदही जात नाही. दुपारी अर्थात कुणी बसत नाही. रुळाला हात लावला तर भाजतो.

शेवटच्या सोळा फुटांत गाडी थांबते. वेग देणं सोपं आहे, थांबवणं अवघड, हे मामांचं मत मागावरून आलेलं. जोरात गेलेला धोटा पलीकडच्या पेटीत अलगद झेलला गेला पाहिजे. उसळून परत आला तर पुढची वेळ चुकते. इथे दोन फळ्यांना मागाच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे लावलेत, गाडीच्या पोटाखालची लोखंडी पाती त्यांच्यामधून घासत जाते. त्यापुढे टायर, टायरमागे वाळूची पोती. टायरपर्यंत गाडी जाता कामा नये, पण तो तिथे असलाच पाहिजे.

माणूस बसायच्या आधी वाळू बसली, तीही मुलांच्या दुप्पट वजनाची. मग मामांनी पाइपांचा एक चौकटीसारखा सांगाडा करून गाडीवर उभा केला. सगळ्यात उंच मुलाने दोन्ही हात पसरले तर ते जिथे पोचतील, त्याहून वीतभर मोठा. तो घेऊन गाडी पूर्ण रुळावरून हळूहळू फिरवली. लिंबाच्या फांदीला तो लागला, तेव्हा फांदी छाटली. मामींनी ती फांदी छाटू नये म्हणून बरीच रदबदली केली होती.

प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ आहे, नटावरून सुरू होऊन खालच्या पट्टीवर उतरणारी. नट जरासा फिरला तर रेघ तुटलेली दिसते. सकाळी चहाच्या आधी मामा आणि धाकटी रुळाच्या कडेने चालत रेघा बघतात. ती खाली वाकून एकेका नटावर बोट ठेवते आणि "हां" म्हणते. सगळे "हां" झाल्याशिवाय गाडीचं कुलूप निघत नाही. मामा किंवा त्यांचा मुलगा हजर नसेल तर ते निघतच नाही, आणि गाडीत बसतं फक्त घरचं पोर, एका वेळी एकच, पट्टा लावून. बाहेरच्या मुलांच्या जिवाची जबाबदारी घ्यायला मामा तयार नाहीत, आणि मला ते पटतं.

मोठ्या भाच्याला लूप हवा होता. त्याने हट्टच धरला. त्याला मी नकार न देता गणित दिलं. गोल लूपच्या माथ्यावरून गाडी खाली न पडता जायची असेल तर सुरुवातीची उंची लूपच्या त्रिज्येच्या अडीचपट हवी. म्हणजे आपल्या आठ फुटांत जेमतेम सव्वातीन फूट त्रिज्येचा लूप. आणि मग तळाशी अंगावर येणारं वजन सहापट, त्रिज्या काहीही घ्या. त्याने दोनदा करून पाहिलं. 1895 मध्ये कोनी आयलंडवर अगदी असाच गोल लूप बांधला होता, लोकांच्या माना दुखावल्या आणि काही वर्षांत तो बंद झाला. पुढे 1976 साली कॅलिफोर्नियात वेर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्याने थेंबाच्या आकाराचा लूप दिला, खाली मोठी त्रिज्या, वर लहान, तेव्हा कुठे तो प्रकार रुळला. भाचा आता वहीत थेंब काढत बसतो. यंदा त्याला अभियांत्रिकीला जायचं म्हणतोय, आणि घरात कुणी त्याला 'स्कोप काय' असं विचारलेलं नाही.

तर, कशाला?

मामांनी आयुष्यभर जे हात वापरले ते दुसऱ्याच्या चादरीसाठी. ती चादर कुणाच्या अंगावर गेली हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांचं कसब डझनाच्या भावात मोजलं गेलं, आणि माग विकले तेव्हा किलोच्या. आपल्याकडे पोटापाण्याच्या कामाला काटेकोरपणा आणि खेळाला 'चालतंय की', अशी वाटणी झालेली आहे. गड्ड्यातल्या पाळण्याला तार गुंडाळणारा माणूसही दुष्ट नसतो, त्याला फक्त वाटतं की दोन मिनिटांच्या मजेला एवढं काय. मामांना तसं वाटलं नाही. लेकराला भ्यायची मौज द्यायची तर मोठ्या माणसाने त्या भीतीचा एकेक नट आधी तपासलेला असला पाहिजे, आणि हे काम चादरीच्या कामाइतकंच, माझ्या मते त्याहून वरचं आहे. धाकटी उतारावरून येताना दोन्ही हात वर करून किंचाळते. ज्या पोरीने सकाळी स्वतः रेघा बघितल्यात, तिने तसं किंचाळावं यासाठीच ते आहे. मला दुसरं कारण लागत नाही.

सध्या गाडी वर न्यायला दोघं लागतात, दोरी आणि कप्पी घेऊन. मामांना ते पसंत नाही, दोरी हातून सुटली तर रिकामी गाडी मागे धावेल. माग विकताना त्यांनी एक वस्तू काढून ठेवली होती: विणलेलं कापड पुढे गुंडाळणारं दात्यांचं चाक आणि त्यात अडकणारी खिटी. ते चाक पुढेच फिरतं, खिटी त्याला मागे येऊ देत नाही. मोठ्या रोलर कोस्टरवर चढताना जो टक-टक-टक आवाज येतो तोही अशाच खिटीचा. तीच रचना चढाच्या मधोमध दात्यांची पट्टी लावून करायची ठरलीय, पावसाळ्याआधी. दात्यांमधलं अंतर ठरवायचं काम माझ्याकडे आलंय, कारण गाडी घसरलीच तर किती घसरेल ते त्या अंतरावर आहे. मी दोन इंच म्हटलं होतं. मामांना एकाच्या आत हवंय.